पहिली सिगारेट कुणी दिली? का घेतली? – अनुभव धागा

मी महाविद्यालयात समुपदेशक आहे. ओढायला लागलेल्या मुलामुलींना "का सुरू केलीस?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: टेन्शन. "तेव्हा शेजारी कोण होतं?" असं विचारलं की मात्र पोरं भरभरून बोलायला लागतात. रूममेट होता, सीनियर होते, जिच्याशी बोलायचं धाडस होत नव्हतं ती मुलगी होती. तलफ फार नंतर येते. आधी असते ती त्या घोळक्यात आपल्यालाही जागा मिळावी ही इच्छा. थोपवायचं असेल तर तिथेच थोपवता येतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) २०१२ च्या अहवालानुसार, रोज ओढणाऱ्या प्रौढांपैकी जवळजवळ ९० टक्के लोकांनी पहिली सिगारेट अठरा वर्षांच्या आत ओढलेली असते. सव्विसाव्या वर्षापर्यंत हाच आकडा ९९ टक्क्यांवर जातो. म्हणजे सव्विशी कोरडी पार पडली तर पुढे कुणी सहसा सुरू करत नाही. आणि "कधीतरी"चं "रोज" होतं ते बऱ्याचदा शिक्षण आणि पहिली नोकरी यांच्या मधल्या वर्षांत.

उपदेश नको, अनुभव लिहा. ज्यांनी कधीच घेतली नाही त्यांनी तर नक्की लिहा.

*

ताई, माझी सुरुवात पहिल्या नोकरीत झाली. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम, रात्रपाळी. ब्रेक कागदावर होता, पण खुर्ची सोडली की सुपरवायझर घड्याळ बघायचे. फक्त "एक मारून येतो" म्हटलं की कुणी काही विचारायचं नाही. न ओढणारे आठ तास बसून, ओढणारे दर दोन तासांनी खाली. बरं, खाली नुसता धूर नसायचा. कुठली टीम बंद होणार, कुणाला दिवसपाळी मिळणार, कुणाशी जपून राहायचं, हे सगळं तिथेच कळायचं. मॅनेजरसुद्धा तिथे नावाने हाक मारायचे. वर मी एक कर्मचारी क्रमांक होतो.

मी पहिले काही दिवस नुसताच उभा राहायचो. मग कुणीतरी पाकीट पुढे केलं. जबरदस्ती अजिबात नव्हती, हे मुद्दाम सांगतो. पाकीट आधी एका बाजूला जायचं, मग दुसऱ्या बाजूला, आणि माझ्यापाशी आलं की क्षणभर सगळे थांबायचे. त्या क्षणाचं ओझं मला झेपलं नाही. एवढंच कारण.

पुढे आम्हाला एक नवीन टीम लीड मिळाल्या. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना दहा मिनिटांचा ब्रेक लावून दिला, ओढा अथवा ओढू नका. स्वतः त्या वेळेत इमारतीभोवती चक्कर मारायच्या आणि ज्याला यायचं त्याला सोबत न्यायच्या. कामाचं बोलणं त्या चालता चालताच करायच्या. त्यांच्या काळात आलेल्या नवीन मुलांपैकी कुणी सुरू केल्याचं मला आठवत नाही. आमची मात्र सवय पक्की झाली होती. मला सोडायला पुढे बरीच वर्षं लागली.

*

मी नाच शिकत होते. भूक मरते म्हणून सुरू केली. आमच्यातल्या वयाने मोठ्या मुलींनीच सांगितलं होतं. तालमीआधी एक, जेवणाऐवजी एक. दम लागायला लागला तेव्हा गुरूंच्या लक्षात आलं. त्यांनी धुराबद्दल चकार शब्द काढला नाही. "तुला तुझं शरीर कसं हवंय असं वाटतं?" एवढंच विचारलं. तोवर मला कुणीच हे विचारलं नव्हतं.

*

(धागाकर्ती) ही युक्ती मुलींनी स्वतः शोधलेली नाही, म्हणून मध्येच लिहिते. १९२८ च्या सुमारास लकी स्ट्राइक या अमेरिकन सिगारेटच्या जाहिराती बायकांना उघड सांगत होत्या की गोड खाण्याऐवजी सिगारेट घ्या. १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींना सिगारेट पेटवून चालायला लावलं गेलं आणि त्याला स्वातंत्र्याच्या मशाली असं नाव दिलं गेलं. आणि १९८४ च्या आपल्या अंतर्गत टिपणात आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीने स्वच्छ लिहून ठेवलं होतं की सोडून गेलेल्या आणि मेलेल्या गिऱ्हाइकांची जागा फक्त तरुणच भरून काढू शकतात. आपल्या पोरांचा एकटेपणा आणि न्यूनगंड कुणीतरी थंड डोक्याने हेरून ठेवलेला आहे. याचा मला संताप येतो. मुलांनाही येतो, आणि "फुप्फुसं खराब होतील" यापेक्षा हे त्यांना जास्त लागतं.

*

छातीच्या विकारांचा डॉक्टर आहे. टेन्शनबद्दल थोडं लिहितो.

झुरक्यातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. साधारण दोन तासांत रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं आणि सवय लागलेल्या माणसाला अस्वस्थ वाटायला लागतं. चिडचिड, लक्ष न लागणं. पुढची सिगारेट ही अस्वस्थता घालवते आणि त्याला वाटतं, टेन्शन उतरलं. उतरलेलं असतं ते मागच्या सिगारेटने दिलेलं. पंचविशीच्या आतल्या मेंदूची जडणघडण अजून चालू असते, त्यामुळे ही गाठ लवकर बसते आणि घट्ट बसते.

पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, मळमळतं. हा शरीराने केलेला विरोध आहे. मेंथॉल, म्हणजे काही सिगारेटींत घातलेला पुदिन्यासारखा थंडावा, घसा बधिर करून नेमका तोच विरोध मोडतं. म्हणूनच कॅनडाने २०१७ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये मेंथॉल सिगारेटी बंद केल्या.

ज्यांनी आधीच सुरू केली आहे त्यांच्यासाठी: ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं चाललेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सतत ओढणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांचा मात्र जवळजवळ सगळा तोटा टळला. तेव्हा "आता काय उपयोग" असं पंचविशीतल्या कुणी म्हणू नये.

*

डॉक्टरसाहेब, व्हेपचंही, म्हणजे बॅटरीवरच्या ई-सिगारेटचंही, बोलायला हवं. मला सिगारेटची शिसारी होती, वडिलांच्या कपड्यांना यायचा तो वास. व्हेपला फळांचा वास होता. मला ते सिगारेटच्या यादीतलं वाटलंच नाही. सिगारेट निदान संपते, थोटूक विझवावं लागतं, पेटवायला बाहेर जावं लागतं. हे यंत्र उशीखाली असायचं. अभ्यास करता करता ओढायचे, झोप मोडली की ओढायचे. किती झालं हे कळायला जागाच नाही. चार्जिंग संपलं त्या रात्री हात थरथरायला लागले आणि मी घाबरले, तेव्हा पहिल्यांदा मोठ्या बहिणीला सांगितलं.

*

सगळं संगतीवर ढकलू नका. आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. शेजारी कुणीच नव्हतं, तोच तर प्रश्न होता. दिवसकार्य होईपर्यंत घर माणसांनी भरलेलं, नंतर कुणी फिरकलं नाही. सिगारेट मी एकट्याने विकत घेतली आणि एकट्याने ओढली. कुणी रोज फोन केला असता तर वाचलो असतो का, माहीत नाही. पण कुणी केला नाही.

*

(धागाकर्ती) दादा, तुमचं बरोबर आहे. माझ्या प्रश्नात ही बाजू नव्हती. उदास असलेली, दुःखातून जाणारी मुलं जास्त सहज सुरू करतात आणि त्यांना सोडणंही जड जातं. तिथे आधी दुःखावर उपचार हवा.

*

मी कधीच घेतली नाही. निर्धार वगैरे काही नव्हता. वसतिगृहातला माझा खोलीमित्र स्वतः ओढायचा, पण गच्चीवर कुणी मला देऊ केली की तोच म्हणायचा, "त्याला नको असते रे." इतक्या सहज म्हणायचा की विषय तिथेच संपायचा. मला नकार द्यावाच लागला नाही, आणि गच्चीवरची जागाही गेली नाही. मला वाटतं, न ओढणाऱ्यांना शहाणपण शिकवण्यापेक्षा ओढणाऱ्यांना एवढंच सांगावं: नवीन आलेल्या पोराला तुमच्या हाताने देऊ नका.

*

मुलाच्या जॅकेटमध्ये लायटर सापडला. मी स्वतः वीस-बावीस वर्षं ओढतोय, कुठल्या तोंडाने बोलणार? तरी बोललो. ओरडलो नाही. तलफ सकाळी उठल्या उठल्या कशी येते, प्रवासात मन कसं त्यातच अडकलेलं असतं, दोनदा सोडून परत कशी धरली, सगळं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. ओढणाऱ्या आईबापांनी गप्प बसू नये. आमच्याइतकं खरं त्याला कोण सांगणार? आता घरात आणि गाडीत मी ओढत नाही. सोडण्यासाठी डॉक्टरांकडे जायला लागलोय.

*

सगळं वाचलं. मी येत्या सोमवारी पहिल्या नोकरीवर रुजू होतोय. इंटर्नशिपमध्ये "कधीतरी एखादी" झाली आहे, खोटं बोलत नाही. पाकीट पुढे आलं की नेमकं काय बोलायचं?

*

रात्रपाळीवालाच लिहितोय. कारणं देऊ नकोस. डॉक्टर, घरचे, व्यायाम, कुठल्याही कारणावर वाद घालता येतो. "मी घेत नाही" म्हण आणि लगेच दुसरं काहीतरी विचार, कालच्या शिफ्टचं, मॅचचं, काहीही. हातात पाण्याची बाटली ठेव, रिकाम्या हाताला लोक आग्रह करतात. पहिल्याच आठवड्यात सांगून टाक. महिनाभर घेऊन मग नाही म्हणणं फार अवघड जातं. खाली जायला लाजू नकोस, पण धुरापासून लांब उभा राहा. आणि न ओढणारा एक जण लवकर हेर. असतोच. तो वर खुर्चीत बसलेला असेल, त्याला म्हण, चल, एक चक्कर मारून येऊ.