मदत हवी आहे: मायाळूच्या पानांना भोकं पडताहेत, काय फवारू?

पार्लेकर_रेवा
खिडकीच्या ग्रिलवर मायाळूचा वेल आहे, हिरव्या देठाचा. गणपतीपर्यंत झकास होता. आता पानापानाला भोकं पडायला लागली आहेत, एक पान धड नाही. दसऱ्याला सासूबाई अलिबागहून येताहेत आणि त्यांना याच वेलाची भजी करून घालायची आहेत, कारण वेल त्यांच्याच परसातल्या फांदीचा आहे. त्यामुळे बाजारातून जुडी आणा असं कृपया सांगू नका. वेल काढून टाका असंही नको. काय फवारायचं आणि किती, एवढं लगेच सांगा.

नाना_गिरगाव
अळी आहे. भोक म्हणजे अळी, दुसरं काही नसतं. रात्री टॉर्च घेऊन पानं उलटून बघा, सापडेल. एक लिटर पाण्यात पाच मिली कडुलिंबाचं तेल, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, चांगलं ढवळून संध्याकाळी फवारा. त्यानेही गेली नाही तर तंबाखू रात्रभर भिजवून ते पाणी मारा. आमच्या चाळीच्या गॅलरीत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.

कुंडीवाली
नाना, कडुलिंबाचं ठीक, पण तंबाखूचं पाणी खायच्या पानांवर अजिबात नको. निकोटिन हे विष आहे, पानात मुरतं आणि धुऊन पूर्ण जात नाही. रेवाताई, त्याआधी थोडं सांगा. कुंडी केवढी आहे? ऊन किती वेळ येतं? पाणी कुठून घालता, वरून की मुळाशी? आणि भोकाच्या कडेला काही रंग दिसतो का? फोटो टाकलात तर उत्तम.

भाजीवेडा_बोरिवली
मायाळू बियांपासून लावायचा असेल तर बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, वरचं कवच फार कडक असतं. मग अर्ध्या इंचावर पेरा. पिकलेली जांभळी फळं चुरगळून, धुऊन, सावलीत वाळवलीत तर घरचंच बी होतं. फक्त फळांचा रंग कपड्याला लागू देऊ नका, निघत नाही.

पार्लेकर_रेवा
बी नकोय हो, वेल आहे माझ्याकडे! ऊन सकाळचं, पूर्वेची खिडकी. कुंडी मोठी आहे. पाणी मुळाशीच घालते. फोटो चढत नाहीये. फवारणीचं सांगा ना.

कुंडीवाली
मोठी म्हणजे केवढी ते कळत नाही. आणि कडेच्या रंगाचं राहिलं. चुकीचं फवारून दसऱ्यापर्यंतचे दिवस वाया जातील, म्हणून विचारतेय.

पार्लेकर_रेवा
रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, तळाला भोकं पाडलेली. माती, शेणखत, थोडं कोकोपीट. आता एक पान समोर धरून लिहिते. आधी टाचणीच्या डोक्याएवढा लालसर जांभळा ठिपका दिसतो. तो पसरतो तसा मधला भाग राखाडी होतो, पातळ, जुन्या पतंगी कागदासारखा. बोट लावलं की तेवढाच तुकडा गळतो आणि भोक राहतं. भोकाभोवती जांभळी कड तशीच असते. अळी, अळीची विष्ठा, अंडी, काही नाही. रात्रीही बघितलं.

कुंडीवाली
मग हा बुरशीचा ठिपका. अळीने कुरतडलेल्या भोकाची कड हिरवी राहते आणि वेडीवाकडी असते, तिला असं गोल जांभळं वलय नसतं. मायाळूवर हा रोग नेहमीचा आहे, सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीने होतो. पान फार वेळ ओलं राहिलं की बीजाणू रुजतात आणि थेंबांच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या पानावर उडतात. फवारणी नंतर. आधी ठिपक्यांची सगळी पानं खुडा, मातीवर पडलेलीही उचला आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. पालवीची गर्दी कमी करा म्हणजे वारा खेळेल.

नाना_गिरगाव
बुरशी पावसात येते. पाऊस गेला, ऑक्टोबरचा चटका सुरू झाला. मुळाशी पाणी घालतात म्हणतात. मग पान ओलं राहतं कुठे? पुस्तकी उत्तरं देऊ नका.

शेवंती_डोंबिवली
आंबट ताक मारा, चार दिवसांचं, दहापट पाणी घालून. माझ्या तोंडल्याच्या वेलाचं सगळं गेलं.

नाना_गिरगाव
ताकाने मुंग्या येतील.

शेवंती_डोंबिवली
गाळून मारलं तर नाही येत. आणि तुमच्या तंबाखूपेक्षा बरं.

माटुंग्याची_पद्मा
आमच्याकडे याला वाली म्हणतात. भजी तर सगळेच करतात, पण सासूबाईंना एकदा वाली आंबट करून वाढा. तूरडाळ मऊ शिजवायची. पानं आणि कोवळे देठ बोटभर तुकडे करून वेगळे शिजवायचे. ओलं खोबरं, भाजलेल्या सुक्या मिरच्या आणि थोडी चिंच गुळगुळीत वाटून त्यात घालायची, आणि वरून बारीक कांद्याची फोडणी, कांदा चांगला तांबूस होईपर्यंत. देठ टाकू नका, खरी चव देठात आहे. चिकटपणा ज्यांना आवडत नाही त्यांनाही ही आवडते. माटुंग्याच्या बाजारात याच्या जाड देठांच्या जुड्या मिळतात, त्यातला देठ मातीत खोचला तरी फुटतो.

अनुभवी_६२
मुतखड्याचा त्रास असेल त्यांनी बेताने खावी. पालकासारखंच यातही ऑक्झलेट असतं.

पार्लेकर_रेवा
पद्माताई, पाककृती लिहून ठेवली, पण आधी पानं तर हवीत! नाना म्हणतात ते मलाही पटतंय, पाऊस थांबलाय तर बुरशी आता का वाढावी? आणि अजून एक, शेंड्यांना बारीक गुलाबी कळ्या आल्यात आणि नवी पानं लहान येताहेत. हाही रोगच का?

कुंडीवाली
कळ्या रोग नाही. दिवस लहान झाला की मायाळू फुलावर येतो, आपल्याकडे आता दिवस बारा तासांच्या खाली गेलाय. फुलावर आला की पानं बारीक येणारच. कळ्यांसकट शेंडा दोन पेरी खाली खुडा, बगलेतून नवी फूट येईल. कडक थंडीच्या मुलखात हा वेल मरतो, मुंबईत मरत नाही, छाटत राहिलात तर वर्षानुवर्षं टिकेल. आता सांगा, ठिपके सगळीकडे सारखे आहेत की एका बाजूला जास्त? आणि सकाळी उठल्याबरोबर पानांना हात लावून बघा, ओली लागतात का.

पार्लेकर_रेवा
उजवीकडे जास्त. डावीकडचा भाग बऱ्यापैकी आहे. उजवीकडे वरच्या मजल्याच्या एसीचं पाणी ग्रिलवर ठिबकतं ना, तिथली पानं सकाळी ओली असतात. पण एसीचं पाणी तर स्वच्छ असतं, झाडांना घालतात लोक.

कुंडीवाली
सापडलं! पाणी स्वच्छच आहे, क्षार नसतात त्यात, मातीत घालायला उत्तम. पण ते रात्रभर पानांवर ठिबकतंय, तुमच्या वेलाचा पावसाळा संपलेलाच नाही. उकाडा वाढला तसे एसी जास्त वेळ चालतात, म्हणून आत्ता वाढलंय. ते थांबल्याशिवाय कडुलिंब मारा की ताक, रोज रात्री धुऊनच जाणार. वरच्यांना सांगून पाइपला नळी जोडून घ्या, खाली तुमच्या बादलीत सोडा. तोवर बादली डावीकडे सरकवा.

नाना_गिरगाव
एसीचं आधीच लिहायचं होतं हो रेवाताई. हे पटलं. आमच्याकडे एसी नाही म्हणून डोक्यात आलं नाही. तरी कडुलिंबाचं तेल घरात असू द्या, मावा आला तर लागेल. फक्त काढणीच्या तोंडावर मारू नका, कडू लागेल.

कुंडीवाली
आणि एक करून ठेवा. डावीकडचे स्वच्छ, वीतभर शेंडे कापा, खालची पानं काढा, दोन पेरी नव्या मातीत जातील असे दुसऱ्या कुंडीत लावा. पहिला आठवडा सावलीत. सासूबाईंच्या फांदीचा वंश दोन ठिकाणी राहील.

पार्लेकर_रेवा
वरच्या काकू लगेच तयार झाल्या, त्यांच्या माणसाने नळी लावून दिली. ठिपक्यांची पानं खुडली, पिशवीभर निघाली. वेल उघडाबोडका दिसतोय, पण डाव्या बाजूला तळहाताएवढी चांगली पानं आहेत. शेंडेही लावले. भज्यांना एवढी पुरतील का? माणसं पाच आहेत.

माटुंग्याची_पद्मा
माणशी पाच-सहा पानं धरा. जाड पानं घ्या आणि अगदी कोरडी पुसा, नाहीतर बेसन धरत नाही. बेसनात चमचाभर तांदळाचं पीठ आणि ओवा. आंबटाला मात्र नंतर भरपूर लागतील.

शेवंती_डोंबिवली
रेवा, शेंडे जगले तर एक मला ठेव. पार्ल्याला येणं होतंच माझं.