रीसलिंगच्या तळाशी हे खडे कसले?

प्रश्न: जर्मनीतल्या मोझेलची कोरडी (गोड नसलेली) रीसलिंग, म्हणजे पांढरी वाइन, फ्रिजमध्ये बरेच दिवस होती. आता बुचाला आणि तळाशी साखरेसारखे पारदर्शक कण दिसताहेत. काच तर नाही ना? ओतून द्यावी का?

प्रतिसाद १: अजिबात ओतू नका! हे टार्टरेटचे स्फटिक आहेत, निरुपद्रवी. थंड प्रदेशात द्राक्षं सावकाश पिकतात, आम्ल टिकून राहतं. त्यातलं टार्टारिक आम्ल पोटॅशियमशी जुळून गारठ्यात खाली बसतं. बाटलीत भरण्याआधी वाइन उणे ४ अंशांच्या आसपास काही दिवस ठेवली की खडे टाकीतच बसतात, पण काही उत्पादक मुद्दामच तसं करत नाहीत. खात्री हवी तर कण गरम पाण्यात टाका. विरघळतील; काच विरघळत नाही.

प्रतिसाद २: बाटली दोन-तीन तास उभी ठेवा, न हलवता ओता, तळचा घोटभर सोडा. आणि फ्रिजमधून काढल्याकाढल्या पिऊ नका. ४ अंशांना वास दबतो, नुसता आंबटपणा टोचतो. १५-२० मिनिटं बाहेर ठेवून ८ ते १० अंशांवर आली की हिरवं सफरचंद, लिंबाची साल स्वच्छ कळते.

प्रश्नकर्ता: किंचित रॉकेलसारखा वासही येतोय.

प्रतिसाद १: मुरलेल्या रीसलिंगला तो येतोच, टीडीएन नावाच्या संयुगामुळे. दोष नव्हे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला, तर मात्र बुचाने घात केला समजा.