खारी हवा टर्फ खाते म्हणे! तुकडा लावायचा की सगळी उपटायची?

कारेलीबागकर
परवा एका महाशयांनी छातीठोकपणे लिहिलं की समुद्राकाठच्या घराच्या अंगणातली टर्फ, म्हणजे प्लॅस्टिकचं गवत, झिजली तर रिपेअरच्या भानगडीत पडू नका, खारी हवा प्लॅस्टिक खाते, सगळी उपटून नवीन टाका. आणि त्यावर लाइकांचा पाऊस! अहो, खारी हवा लोखंड खाते. टर्फची पाती पॉलिथिलीनची, त्यांना मिठाचं काय वावडं? आमच्या गुहागरच्या अंगणात पाती कडक होऊन तुटली ती उन्हाने, आणि टर्फ उखडली कारण बसवणाऱ्याने कडेला साधे लोखंडी खिळे ठोकले होते, त्यांची डोकी गंजून गळाली, कड सुटली आणि खाली वारा शिरला. दोष खिळ्यांचा, बदनामी टर्फची. झिजलेला चौकोन मागच्या बाजूने कापायचा, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून, नव्या तुकड्याच्या पात्यांचा कल जुन्याशी जुळवायचा, सांध्याखाली सीमिंग टेप (जोडपट्टी), त्यावर पीयू ग्लू (पॉलियुरेथेनचा गोंद), कडेला स्टेनलेसचे खिळे. झालं काम. यात अख्खं अंगण नव्याने करायचा प्रश्न येतो कुठे?

मांजलपूरचे काका
महाशय मीच. तुमचं गुहागर मे महिन्यात आणि गणपतीत उघडतं, आमच्या वलसाडजवळच्या तिथल गावच्या बंगल्यावर दर सुट्टीला पोरं क्रिकेट खेळतात, त्यामुळे झिजणं काय असतं ते मला शिकवू नका. तुकडा लावून बघितलाय. जुनी टर्फ उन्हाने पिवळट, नवा तुकडा पोपटी, गेटमधून शिरताच पहिलं लक्ष तिकडेच! पाहुणे विचारतात इथे काय पुरलंय. पैसे घालून हे ऐकायचं?

कारेलीबागकर
काका, नवा तुकडा दर्शनी भागात लावा असं सांगितलं कोणी? भिंतीकडेला जी पट्टी असते, ऊन तेवढंच खाल्लेली पण पायाखाली न आलेली, ती कापून मधे लावायची आणि नवी पोपटी पट्टी भिंतीकडे, कुंड्यांमागे. एवढं डोकं चालवायला हरकत नव्हती.

वाघोडिया रोड, टर्फचं काम करतो
भांडू नका साहेब. आधी एक बघा, पात्यांचा एक गुच्छ चिमटीत धरून ओढा. पात्याचं टोक तुटून हातात आलं तर फक्त वरचं झिजलंय, तुकडा चालेल. मुळासकट अख्खा गुच्छ निघाला आणि बोटाला मागच्या लेटेक्सची भुकटी लागली तर बॅकिंग (पाती धरून ठेवणारं मागचं अस्तर) गेली, मग ठिगळ म्हणजे पैसे पाण्यात. मीठ पाती खात नाही हे खरं, पण सुकून मागच्या निचऱ्याच्या भोकांत बसतं, पाणी उतरत नाही, शेवाळ धरतं, म्हणून अधूनमधून गोड्या पाण्याने धुवायची. आणि कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका, ओल्या बेसवर ग्लू धरत नाही. शेवटी पात्यांत धुतलेली सिलिका सँड भरायची, ती नसेल तर पाती आडवी पडतात.

दांडिया बाजार
समोर अख्खा किनारा पसरलाय आणि वाळू विकत आणायची? चार घमेली आणून टाका की.

वाघोडिया रोड, टर्फचं काम करतो
किनाऱ्याच्या वाळूत मीठ, ते हवेतली ओल ओढतं, खाली कायम दमट. शिंपल्यांची भुकटी आणि बारीक कण भोकं बुजवतात ते वेगळंच.

कारेलीबागकर
आणि सीआरझेडमध्ये, म्हणजे किनारा नियमन क्षेत्रात, वाळू काढायला 1991 पासून बंदी आहे. "चार घमेली" करत करतच किनारे खरवडले गेले.

माहेर गुहागर, सासर रावपुरा
मुळात समुद्राकाठच्या अंगणात प्लॅस्टिक अंथरायची अवदसा आठवली कुणाला? पाऊस संपला की अंगण चोपायचं, शेणाने सारवायचं, वर चुडतांचा मांडव. उन्हाळ्यात त्यावर आमसुलं वाळायची. आता भर दुपारी त्या हिरव्या चटईवर अनवाणी उभं राहून दाखवा. आणि तुटलेली पाती वाऱ्याने उडून जातात कुठे? पुळणीवर आणि माशांच्या पोटात! युरोपने 2023 मध्ये मैदानांवरच्या टर्फमध्ये भरायच्या प्लॅस्टिकच्या दाण्यांवर बंदीचा नियम केला, 2031 पर्यंत मुदत दिलीय. आपण मात्र हौसेने घालतोय.

कारेलीबागकर
ताई, ती बंदी दाण्यांवर आहे, आम्ही वाळू भरतो. आणि सारवणार कोण? शेण आणायचं कुठून, आळीत एक गाय उरली नाही. तुम्ही आंबे खायला जाता, अंगण कोण चोपतं ते ठाऊक आहे का?

माहेर गुहागर, सासर रावपुरा
माझी वहिनी चोपते, कंबर धरून! मी जाते तेव्हा मीही सारवते. बडोद्यात बसून गावच्या घरावर हक्क सांगणाऱ्यांपैकी मी नाही.

दांडिया बाजार
आता कसं मुद्द्यावर आलात! आमच्या घरात सहा हिस्से. मोठ्या चुलतभावाने कोणाला न विचारता टर्फ टाकली, फोटो टाकून वाहवा मिळवली, आता झिजली तर ग्रुपवर मेसेज, "प्रत्येकाने आपापला वाटा पाठवावा". कौलं गळत होती तेव्हा हा कुठे होता?

मांजलपूरचे काका
आमच्याकडे उलट. मी एकट्याने खर्च करायचा आणि भाऊबंदांनी येऊन "रंग जरा भडकच आहे" म्हणायचं.

दांडिया बाजार
काका, म्हणून तर विचारून करावं माणसाने.

मांजलपूरचे काका
विचारलं असतं तर अजून चिखलच असता तिथे! सहा जणांचं एकमत सातबाऱ्यावरच्या नावावर होत नाही, टर्फवर होणार?

माहेर गुहागर, सासर रावपुरा
चिखल नव्हे, माती म्हणतात तिला.

कारेलीबागकर
धागा टर्फ रिपेअरचा आहे. भाऊबंदकीचा वेगळा काढा, तिथे मीही लिहीन, माझ्याकडेही भरपूर आहे.

मांजलपूरचे काका
रविवारी तिथलला गेलो होतो. चिमटी लावून बघितलं, टोकं तुटली, गुच्छ नाही निघाला. म्हणजे तुमचं सगळं बरोबर असं समजू नका, पोपटी रंगाचं मी म्हणालो ते खरंच आहे. भिंतीकडेची पट्टी कापायला दिलीय. स्टेनलेसचे खिळे किती इंची घ्यायचे ते टर्फवाल्यांनी सांगावं, कारेलीबागकरांनी नको.