पॅनेल टेबलावर तपासायचंय, पण दुकानात लँडलाईनच उरली नाही

तारवाला_सोलापूर
राम राम मंडळी. अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. चोर-अलार्म बसवणं आणि बिघडले की दुरुस्त करणं, १९ वर्षं हेच करतोय. गिऱ्हाईक म्हणजे चार-पाच सराफ, दोन पतसंस्था आणि बाकी सगळी चादरी-टॉवेलची गोडाऊनं.

अडचण आहे फोनच्या लाईनवरून कंट्रोल रूमशी (अलार्मचे सिग्नल घेणारं ऑफिस) बोलणाऱ्या पॅनेलची, म्हणजे अलार्मच्या मुख्य यंत्राची. पूर्वी दुकानात लँडलाईन होती. पॅनेल दुरुस्त झालं की तिच्यावर टाकायचं, एक झोन (एका दाराच्या किंवा शटरच्या सेन्सरची वायर) उघडायचा आणि मोबाईलवरून पुण्याच्या कंट्रोल रूमला विचारायचं, "आला का ओ सिग्नल?" आला म्हटले की काम संपलं. मागच्या वर्षी गल्लीतली तांब्याची वायर गेली, फायबर आलं. फायबरच्या डब्याच्या मागे फोनची पिन घालायला एक भोक आहे. तेवढीच काय ती आता लाईन.

तर झालं असं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं एक गोडाऊन आहे. पॅनेल जुनं अमेरिकन, आठ झोनचं, आठवा झोन मागच्या शटरचा. त्यांनीही फायबर घेतलं आणि त्याच आठवड्यापासून कीपॅडवर 'फेल टू कम्युनिकेट', म्हणजे सिग्नल पोचला नाही, येऊन बसलंय. फायबरवाला फोन लावून दाखवतो, "बघा, बोलणं होतंय, लाईन ओके." कंट्रोल रूम म्हणते, सिग्नल येत नाही, पॅनेल खराब. मालक म्हणतात, तुम्हीच बसवलंय, तुम्हीच बघा. मे महिन्यात त्या पत्र्याखाली स्टुलावर तीन तास उभा होतो. शर्ट पिळला असता तर घागर भरली असती.

आता पॅनेल काढून दुकानात आणलंय. प्रश्न एवढाच: टेबलावर खोटी लाईन आणि खोटी कंट्रोल रूम करता येते का? तयार लाईन सिम्युलेटर परदेशात मिळतात, त्यांची किंमत बघून नेटच बंद केलं. माझ्याकडे १२ व्होल्टच्या ७ एएचच्या बॅटऱ्या पाहिजे तेवढ्या, मीटर, सोल्डर आणि दोन जुने बटणाचे फोन आहेत. शिक्षण आयटीआय वायरमन, तेव्हा त्या हिशेबाने सांगा.

निवृत्त_एक्स्चेंजवाला
नमस्कार. ३१ वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली, त्यामुळे लाईनबद्दल अधिकाराने बोलतो. पॅनेलबद्दल नाही.

लाईन म्हणजे काही जादू नव्हे. रिसीव्हर खाली असताना दोन तारांवर ४८ व्होल्ट डीसी. उचलला की करंट वाहू लागतो, २० ते ४० मिलिअँपिअर, आणि तारांवरचा व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतो. उचललं की ठेवलंय ते एक्स्चेंजला यावरूनच कळतं. तुमचं पॅनेलसुद्धा आतून रिसीव्हर उचलल्यासारखंच करतं, वेगळं काही नाही.

तुमच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडा, २४ व्होल्ट झाले. प्लसमध्ये ४७० ओहमचा पाच वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घाला. तो पाच वॅटचाच घ्या. तारा शॉर्ट झाल्या तर त्यात सव्वा वॅट जळतो, पाव वॅटवाला धूर काढेल. बॅटरीला फ्यूज लावा. पुढच्या दोन तारांवर पॅनेल आणि एक बटणाचा फोन, दोन्ही पॅरलल. दोन्ही उचललेले असले की ४० मिलिअँपिअर निघतात आणि निम्मे निम्मे वाटले जातात. पॅनेलने नंबर फिरवला की फोनच्या कानात बटणांचे सूर ऐकू येतील. या जोडणीत डायल टोन नसतो. बरीच पॅनेलं थोडं थांबून तशीच डायल करतात, काहींना प्रोग्रॅमिंगमध्ये तसं सांगावं लागतं.

एक मात्र सांगून ठेवतो. ही बॅटरी चालू असलेल्या खऱ्या लाईनला कधीही जोडू नका.

आणि यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे लहानसं जुनं इंटरकॉम, तेच ईपीएबीएक्स. ऑफिसं मोबाईलवर गेल्यापासून भंगारात पडून असतात. एक्स्टेन्शन २१ ला पॅनेल, २२ ला फोन, आणि पॅनेलमध्ये कंट्रोल रूमचा नंबर म्हणून नुसतं २२ भरा. डायल टोन, रिंग, लाईन तुटणं, सगळं खरं मिळेल. रिंग वाजत असताना मात्र तारांना बोट लावू नका. ७०-८० व्होल्ट एसी असतो, हात झटकतोच.

तारवाला_सोलापूर
मालक, पाया पडतो. इंटरकॉम डोक्यातच आलं नव्हतं. भंगारवाल्याकडून एक उचललं. त्याने आधी टीव्हीचा बूस्टर म्हणून विकायला काढलं होतं. धूळ झाडली, मुंग्यांचं घर साफ केलं, चालू झालं.

झोन उघडला, सायरनची वायर आधीच काढली होती. २२ वाजला, उचलला. पलीकडे पॅनेल गप्प. अर्धा मिनिट गप्प बसून ठेवून दिला, परत लावला. असं चार-पाच वेळा, आणि शेवटी तेच 'फेल टू कम्युनिकेट'. आता?

रात्रपाळी_कंट्रोलरूम
तुमच्यासारख्यांचे फोन रात्री उचलणारा मीच, त्या कंपनीचा नसेन पण कामाने तोच. पॅनेल गप्प बसतं कारण ते आधी समोरच्याने बोलायची वाट बघतं. कॉन्टॅक्ट आयडी फॉरमॅट (पॅनेलची निरोप पाठवायची एक भाषा) असेल तर रिसीव्हर, म्हणजे आमच्याकडचं सिग्नल घेणारं यंत्र, फोन उचलून दोन सूर देतो: १४०० हर्ट्झ ०.१ सेकंद, तेवढीच शांतता, मग २३०० हर्ट्झ ०.१ सेकंद. याला हँडशेक म्हणतात. तो ऐकला की पाव सेकंदाने पॅनेल १६ आकडे बटणाच्या सुरांत ओतून मोकळं होतं, एकेक सूर ५० मिलिसेकंदांचा, मध्ये तेवढीच फट. दीड सेकंदात खलास. कानाला चिमण्यांची चिवचिव वाटते.

मग रिसीव्हरने 'पोचलं' म्हणून १४०० हर्ट्झचा लांब सूर द्यायचा, पाऊण सेकंद ते एक सेकंद. याला आम्ही किसऑफ म्हणतो. तो सव्वा सेकंदात आला नाही तर पॅनेल तोच निरोप परत पाठवतं, असं चार वेळा. नंतर फोन ठेवून पुन्हा पहिल्यापासून.

सोळा आकडे असे: चार खाते क्रमांकाचे, मग १८ म्हणजे 'हा कॉन्टॅक्ट आयडी आहे', मग १ म्हणजे नवी घटना किंवा ३ म्हणजे पूर्ववत झालं, मग तीन आकड्यांचा कोड. १३० चोरी, ११० आग, १२० पॅनिक बटण, ३०१ वीज गेली, ३०२ बॅटरी उतरली, ६०२ रोजची टेस्ट. पुढे दोन आकडे पार्टिशन (जागेचा कुठला भाग), तीन झोन, आणि शेवटचा ताळ्याचा. सगळ्या सोळांची बेरीज १५ ने निःशेष भागली गेली पाहिजे, आणि गंमत म्हणजे शून्य धरायचा दहा.

मोबाईलवर एक ऑडिओ फाईल करून घ्या: दोन सूर, मग २.२ सेकंद शांतता, मग ०.९ सेकंद १४०० हर्ट्झ. फोन उचला आणि मोबाईल बोलायच्या बाजूला धरून वाजवा.

तारवाला_सोलापूर
पोरगीने बारावीची सुट्टी सत्कारणी लावली. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये दहा मिनिटांत फाईल तयार.

पहिल्यांदा मोबाईलचा आवाज फुल केला, सूर फाटला, पॅनेलने दाद दिली नाही. निम्म्यावर आणला आणि फोनच्या तोंडाला रुमाल गुंडाळून मोबाईल दाबून धरला. पीं-पीं, मग चिवचिवचिव, मग लांब पीं... आणि कट्टकन आतला रिले पडला. कीपॅडवरचा दिवा विझला! १९ वर्षं 'सिग्नल गेला' म्हणतोय, पण तो जातो कसा हे कानाने ऐकलं ते आज. दोन वेळा उगाच परत वाजवून बघितलं.

म्हणजे पॅनेल चांगलं आहे असं धरू ना?

शेवटच्या_वर्षाचा_ईएनटीसी
काका, घाई करू नका. तुमची फाईल बहिरी आहे. पॅनेलने सोळा आकड्यांऐवजी चौदा पाठवले किंवा भलतंच खातं सांगितलं, तरी ती २.२ सेकंदांनी 'पोचलं' म्हणणारच. खरा रिसीव्हर बेरीज जुळली तरच किसऑफ देतो. तुमच्या पॅनेलने काय पाठवलं ते अजून कोणी वाचलेलंच नाही.

हार्डवेअरने करायचं तर एमटी ८८७० नावाचा आयसी आणि ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. तो सूर ऐकून आकडा काढतो, पुढे ते वाचायला आर्डुइनो, म्हणजे छोटं प्रोग्रॅम करता येणारं बोर्ड. लाईनला सरळ जोडू नका, मध्ये ६०० ओहमचा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर आणि डीसी अडवायला कपॅसिटर हवा. पूर्ण कंट्रोल रूमच करायची तर लॅपटॉपवर ॲस्टेरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाका. त्यात अलार्मरिसीव्हर नावाचं ॲप्लिकेशन आयतं आहे, कॉन्टॅक्ट आयडी समजतं, हँडशेकपासून किसऑफपर्यंत स्वतः करतं आणि घटना फाईलमध्ये लिहून ठेवतं. पण आज रात्रीपुरतं दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठवा, मी मल्टिमॉन या सूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आकडे काढून देतो.

तारवाला_सोलापूर
पाठवलं. घरच्यांच्या मोबाईलवर रेकॉर्ड केलंय.

शेवटच्या_वर्षाचा_ईएनटीसी
पंधराच आकडे निघाले. मागे काहीतरी खट-खट-खट वाजतंय, त्यात एक सूर बुडालाय. काय आहे ते?

तारवाला_सोलापूर
शेजारचा पॉवरलूम. आमच्याकडे हा आवाज कुणाला ऐकूच येत नाही, बंद पडला तरच लोक दचकून बाहेर येतात. पाळी बदलताना माग थांबतात, तेव्हा परत करतो.

(थोड्या वेळाने) केलं. पाठवलं.

शेवटच्या_वर्षाचा_ईएनटीसी
४१३० १८ १ १३० ०१ ००८ ९

पूर्ण सोळा. बेरीज तुम्हीच करा.

तारवाला_सोलापूर
बिलबुकाच्या मागच्या पानावर केली. चार, एक, तीन आणि शून्याचे दहा, झाले अठरा. एक आणि आठ, सत्तावीस. एक, एक, तीन, दहा, बेचाळीस. दहा आणि एक, त्रेपन्न. दहा, दहा, आठ, एक्क्याऐंशी. वर नऊ. नव्वद! पंधरा सक नव्वद. खातं आमचंच, चोरी, झोन आठ, मागचं शटर.

म्हणजे पॅनेल साफ निर्दोष. मग फायबरवर बोलणं होतं आणि सिग्नल का मरतो?

निवृत्त_एक्स्चेंजवाला
कारण त्या डब्यात आवाज आता पाकिटांत तुकडे होऊन जातो. माणसाच्या बोलण्यातला एखादा तुकडा हरवला तर कान जुळवून घेतो. शिवाय पुष्कळ ठिकाणी डबा बटणाचा सूर ओळखून तो सूर म्हणून पाठवतच नाही. 'चार दाबलं' असा निरोप जातो आणि पलीकडचं यंत्र नवा सूर वाजवतं. माणूस बँकेच्या फोनवर एक दाबतो तिथे हे छान चालतं. पण पॅनेल सेकंदाला दहा आकडे फेकतं. त्यात कोणी लांबतो, कोणी शेजाऱ्याला चिकटतो, आणि बेरीज चुकते. किसऑफचा सूर एको कॅन्सलरने (प्रतिध्वनी काढणारी सोय) कापला तर तेही आलंच.

डब्यात बटणाचे सूर आवाजातूनच जाऊ देण्याची सोय असते, कोडेक (आवाजाचे आकडे करायची पद्धत) जी.७११ ठेवायचा, शांतता दाबणं बंद करायचं. पण ग्राहकाला त्या सेटिंगची किल्ली सहसा देत नाहीत. मिळाली तर करून बघा.

तारवाला_सोलापूर
किल्ली मागितली. "असं काही नसतं" असं उत्तर आलं, तेही तीन दिवसांनी. तेव्हा मालकांना रेकॉर्डिंग ऐकवलं, बिलबुकातली बेरीज दाखवली. कपड्याचा धंदा करणारा माणूस, बेरीज बघून लगेच पटलं त्यांना. जीएसएम कम्युनिकेटर मंजूर केला. तो पॅनेलला लाईनसारखाच दिसतो, जवळच आकडे ऐकून घेऊन स्वतःच किसऑफ देतो आणि पुढे मोबाईल डेटावर पाठवतो. काल दुपारी बसवला. कीपॅड स्वच्छ, दिवा नाही. चहा झाला, शटर लावून घरी.

रात्री नऊला जेवायला बसलो. ताटात भाकरी आणि शेंगाचटणी, आणि घास तोंडात असताना आठवलं. पॅनेलमध्ये नंबर २२ च आहे.

भाकरी झाकून ठेवली, गाडीला किक मारली. वॉचमनला वाटलं खरंच चोर आला. नंबर बदलला, पुण्याला सांगून खातं टेस्टवर टाकलं, म्हणजे सिग्नल खरी चोरी धरायचा नाही, आठवा झोन उघडला. पलीकडून, "आला, आठ, मागचं शटर." घरी पोचायला अकरा.

रात्रपाळी_कंट्रोलरूम
नशीब म्हणा त्याच दिवशी आठवलं. ६०२ ची रोजची टेस्ट लावून दिली असती तर आमच्याकडे दुसऱ्या दिवशी 'टेस्ट आली नाही' असं दिसलं असतं. लावली आहे का?

तारवाला_सोलापूर
नव्हती. आता लावली, पहाटे चारची. आणि टेबलावर इंटरकॉमच्या शेजारी लाल टेपचं बंडल ठेवलंय. पॅनेलमध्ये २२ भरला की आधी झाकणावर लाल पट्टी, मग बाकीचं काम. पोरगी विचारत होती, पट्टीवर लिहू काय. म्हटलं लिही, "भाकरी".