पाळी जायच्या वयातली चिडचिड: हार्मोनची तपासणी करावी का?

प्रश्न (सोलापूर): वय ४६. पाळी कधी २२ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. क्षुल्लक गोष्टीवरून संताप, पहाटे तीनला घामाने जाग. एफएसएच हे पाळीशी संबंधित हार्मोन तपासावं का?

उत्तर १: पंचेचाळिशीनंतर लक्षणांवरूनच निदान होतं. या काळात एफएसएच सतत वरखाली होतो, एका आकड्यावरून काही ठरत नाही. त्यापेक्षा टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन बघा ताई. थायरॉईड आणि रक्त कमी असणं, दोन्हींत अशीच चिडचिड होते. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन या काळात नुसतं घटत नाही, हेलकावे खातं. मेंदूतल्या सेरोटोनिन या मूड सांभाळणाऱ्या रसायनावर त्याचा परिणाम होतो, म्हणून राग अचानक उसळतो. हा स्वभावदोष नव्हे, हे घरच्यांनाही सांगा.

उत्तर २: आधी झोप सांभाळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात अंगावर जाड सोलापुरी चादर नको. पातळ सुती पांघरूण घ्या. दुपारी दोननंतर चहा बंद. तीन महिने वहीत पाळीची तारीख, झोपेचे तास, रागाचा दिवस लिहा. डॉक्टरांना ती वही फार उपयोगी पडते.

उत्तर ३: हार्मोनच्या गोळ्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर आणू नका. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. तासाला पॅड भिजत असेल, किंवा पाळी बंद होऊन १२ महिन्यांनी डाग दिसला, तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका. आणि हो, गर्भ अजूनही राहू शकतो.