स्वभावाला औषध नाही?

डस्टर:
‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण रद्द करावी, असं माझं मत. बारावीला मानसशास्त्र शिकवतो. जैविक दृष्टिकोनाची, म्हणजे माणसाचं वागणं मेंदू आणि शरीरावरून समजावण्याची, सुरुवात दरवर्षी फिनिअस गेजपासून करतो. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट. रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू भडकली आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची पहार गेजच्या डाव्या गालातून शिरून डोक्याच्या माथ्यातून बाहेर पडली. पंचवीस वर्षांचा मुकादम वाचला. पण कामाला वाघ असलेला हा माणूस शिवराळ आणि लहरी झाला. हा आमचा गेज नव्हेच, असं मित्र म्हणत, ही नोंद त्याच्या डॉक्टरांची, हार्लो यांची. माणूस तोच, संस्कार तेच. बिघडलं ते कपाळामागचं मांस. मग स्वभाव राहतो कुठे?

आडवा_प्रश्न:
मास्तर, गोष्ट मध्यंतरापर्यंतच सांगितलीत. १८५२ साली गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकत होता. उतारू, सामान, परकी भाषा, घोड्यांची मर्जी. लहरी माणसाला हे जमेल? हार्लोंचं ते वर्णन छापून आलं १८६८ साली, गेज जाऊन आठ वर्षं झाल्यावर. मेंदू गेला तो गेलाच, तरी माणूस सावरला. रोजच्या ठरलेल्या कामानं त्याला वळण लावलं असावं, असं मानणारे अभ्यासक आहेत.

डस्टर:
चिली वर्गात राहून जाते, हे कबूल (तासाला वेळ किती असतो ते विचारू नका). पण सावरलं काय? उरलेला मेंदूच ना? तुम्ही माझ्याच पारड्यात वजन टाकताय.

आडवा_प्रश्न:
असं म्हटलं की तुम्ही कधी हरणारच नाही! फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार घ्या. दोष जनुकात, पण जन्मल्याबरोबर ओळखून आहारातलं फेनिलअ‍ॅलनिन (प्रथिनांतला एक घटक) मोजूनमापून दिलं की बाळाची बुद्धी शाबूत राहते. मग कारण कोणतं, जनुक की ताट? आणि मेंदूवर एवढाच जीव असेल तर एगास मोनिझही शिकवा. कपाळामागचे मज्जातंतू कापायच्या शस्त्रक्रियेसाठी या डॉक्टरला १९४९चं नोबेल मिळालं, आणि तिनं कित्येकांना कायमचं निस्तेज करून ठेवलं.

सातारची_सून:
पुस्तकातलं मला फारसं कळत नाही, घरातलं सांगते. माझे सासरे पै-पैचा हिशेब ठेवणारे. पासष्टीनंतर दुसऱ्याच्या ताटातलं उचलून खायला लागले, वाण्याच्या बरणीतून पैसे न देता गोळ्या खिशात घालायला लागले. सगळे म्हणाले, म्हातारचळ. सासूबाई दोन वर्षं त्यांच्याशी भांडल्या, उपास धरले. शेवटी एमआरआय झाला, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया निघाला. मेंदूचा पुढचा भाग आक्रसत चालला होता. त्या दिवसापासून भांडण थांबलं. सासूबाई रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. म्हणून म्हणते, मास्तरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही.

डस्टर:
ताई, हेच मला सांगायचं होतं. मेंदू कळला की दोष देणं थांबतं.

सातारची_सून:
थांबा मास्तर. नाव मिळालं, तो आजार बरा करणारं औषध नाही मिळालं. तुमची ती म्हण आमच्याकडे अजून खरीच आहे.

आडवा_प्रश्न:
मग पुढे काय केलंत?

सातारची_सून:
वाण्याकडे वही ठेवली. ते जे उचलतील ते लिहून ठेवायचं, महिनाअखेरीस आम्ही चुकतं करायचं. जेवायला त्यांना भिंतीकडच्या पाटावर बसवायला लागलो, म्हणजे दुसऱ्याच्या ताटापर्यंत हात पोचत नाही. सहा महिन्यांत घरातले तंटे जवळजवळ संपले. मेंदू तोच, उलट आणखी खालावलेला. आता हे जैविक म्हणायचं की काय, ते तुम्ही दोघं ठरवा. मला कुकर लावायचाय.