मदत हवी: दुपारच्या सत्रात व्हीवॅप बँड कुठून धरायचे?

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा. कापडाचं दुकान आहे, आणि आपल्या गोव्यातली रीत ठाऊकच आहे: एक वाजला की शटर खाली, ते साडेतीनपर्यंत. त्यामुळे शेअर बाजारासाठी निवांत वेळ मिळतो तो जेवण झाल्यावर, साधारण दीड ते सव्वातीन. सकाळी गिऱ्हाईक असतं, तेव्हा चार्टवर ओझरती नजर टाकणं एवढंच जमतं. हे आधी सांगतोय कारण व्हीवॅपवर (उलाढालीच्या वजनाने काढलेला दिवसाचा सरासरी भाव) जे काही वाचायला मिळालं ते सकाळच्या ट्रेडरला धरून लिहिलेलं आहे. माझी अडचण दुपारची आहे.

मांडणी अशी: पाच मिनिटांचा चार्ट (एक कँडल म्हणजे पाच मिनिटांतले भाव), त्यावर व्हीवॅप, वर-खाली एक आणि दोन स्टँडर्ड डेव्हिएशनचे बँड, म्हणजे भाव सरासरीपासून किती विखुरतो ते दाखवणाऱ्या रेषा. फक्त निफ्टी ५० मधले शेअर, कॅशमध्ये. छोट्या शेअरना हात लावत नाही. गोवा कार्बन आपल्या मातीतली कंपनी म्हणून जिव्हाळा आहे, पण एवढ्या कमी उलाढालीत एखादी मोठी ऑर्डर आली की बँडचा अर्थच बदलतो.

व्हीवॅप रोज ९:१५ ला नव्याने सुरू होतो आणि त्या क्षणापासूनचं सगळं व्हॉल्यूम पोटात घेत जातो. पहिल्या तासाची उलाढाल जबरदस्त, त्यामुळे दुपारपर्यंत रेष जड झालेली असते. समजा दीड वाजेपर्यंत ४० लाख शेअर फिरले आणि व्हीवॅप १६४२ वर आहे. पुढच्या कँडलमध्ये ५० हजार शेअर १६३० ला गेले, तर व्हीवॅप खाली येतो जेमतेम १५ पैसे! भाव १२ रुपये पडला आणि रेष ढिम्म.

आता बँडचं बघा. सकाळी जोरदार चढउतार झाले असतील तर बँड पसरलेले राहतात आणि दुपारी भाव तिथपर्यंत पोचतच नाही. सकाळ संथ गेली असेल तर बँड अरुंद असतात. मग युरोपचे बाजार उघडले, म्हणजे आपल्या घड्याळात उन्हाळ्यात साडेबारा आणि थंडीत दीड, की भाव खालच्या दुसऱ्या बँडला टेकतो आणि व्हीवॅपकडे परतायचं सोडून बँडला चिकटून घसरत राहतो. हा दुसरा प्रकार मला छळतोय.

‘व्हीवॅप सपाट असेल तरच बँडवरून परतीचा ट्रेड घ्या’, म्हणजे भाव व्हीवॅपकडे परत येईल असं धरून, हा सल्ला सगळीकडे आहे. पण वरच्या हिशेबाने दुपारी तो बहुतेक रोज सपाटच दिसणार. मग चाळणी कसली? बँडवरच्या कँडलचं व्हॉल्यूम मागच्या २० कँडलशी ताडून पाहिलं. तेही अडीचनंतर फसवं, कारण बाजार बंद व्हायच्या सुमाराला व्हॉल्यूम एरवीही वाढतं. आदल्या काही दिवसांच्या त्याच वेळेच्या कँडलशी तुलना करणं जास्त बरोबर वाटतं, पण ते हाताने करणं किचकट आहे.

अँकर्ड व्हीवॅप, म्हणजे ९:१५ ऐवजी आपण निवडलेल्या क्षणापासून मोजलेला, दीडपासून लावला तर कँडल इतक्या थोड्या की बँड चिंचोळे होतात आणि भाव सारखा बाहेर. म्हापशाचा मामेभाऊ म्हणतो, बोलिंजर बँड लाव आणि मोकळा हो. पण त्यात २० कँडलची साधी सरासरी, व्हॉल्यूमचा विचारच नाही. जेवणाच्या वेळची रिकामी कँडल आणि पावणेतीनची भरगच्च कँडल एकाच तराजूत. पैसा कुठल्या भावाला फिरला, हेच तर मला बघायचं आहे.

जाणकारांनी कृपया एवढं सांगावं:

दुपारी ट्रेड करताना तुम्ही ९:१५ चेच बँड ठेवता की अँकर करता? अँकर करत असाल तर ठरलेल्या वेळेपासून, की दिवसाच्या उच्चांक-नीचांकापासून?

बँडबाहेर किती कँडल बंद झाल्या की परतीचा विचार सोडून देता?

निफ्टी स्पॉटला, म्हणजे खुद्द निर्देशांकाला, स्वतःचं व्हॉल्यूम नाही, म्हणून दिशेसाठी निफ्टी फ्युचर्सचा (निर्देशांकावरच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांचा) व्हीवॅप शेजारी उघडा ठेवतो. दुपारी त्याचा खरंच उपयोग होतो का?

सेबीचा अहवाल वाचलाय, २०२२-२३ मध्ये कॅश इंट्राडेत दर १० पैकी ७ जण तोट्यात होते. त्यामुळे रक्कम लहान ठेवतो आणि स्टॉपलॉस ऑर्डरबरोबरच टाकतो. कुणी दुपारच्या एखाद्या ट्रेडचा चार्ट बँडसकट दाखवला, विशेषतः परत न फिरलेल्या भावाचा, तर फार उपकार होतील.